पिचरच्या तोंडावर जाळी कधी?

सॉफ्टबॉलच्या मैदानावर होम प्लेटपाशी तिघं असतात. बॅटर, तिच्या मागे उकिडवी बसलेली कॅचर आणि कॅचरच्या मागे वाकून उभे असलेले अंपायर. बॅटरच्या डोक्यावर हेल्मेट. कॅचरच्या तोंडावर जाळी, छातीवर पॅड, पायांना गार्ड. अंपायरच्याही तोंडावर जाळी. त्या तिघांच्या समोर, जेमतेम तेरा मीटरवर, चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी उभी असते. तिच्या एका हातात ग्लोव्ह. चेहरा उघडा.

बॅटवर नीट बसलेला चेंडू पुढे जातो. आणि पुढे पहिली तीच असते.

●

या खेळाच्या नावावर जाऊ नका. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी काही तरुणांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीनं आवळून त्याचा चेंडू केला आणि झाडूचा दांडा बॅट म्हणून धरला. तो चेंडू खरोखर मऊ होता. 'सॉफ्टबॉल' हे नाव बऱ्याच नंतरचं, १९२६ सालचं. नाव राहिलं, चेंडू बदलला.

आजचा चेंडू बारा इंच घेराचा. वजन १७८ ते १९८ ग्रॅम. पुरुषांच्या क्रिकेटचा लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे ज्या चेंडूची धास्ती घेऊन आपण पोराला पॅड, ग्लव्हज, हेल्मेट घेऊन देतो, त्याहून हा जड आहे. मुलीचं नाव सॉफ्टबॉलच्या संघात आलं की पालकांनी एकदा तो चेंडू हातात घ्यावा. अंगठ्यानं दाबून पाहावा, टेबलावर आपटून आवाज ऐकावा. 'सॉफ्ट'बद्दलचा गैरसमज तिथंच मिटेल.

●

आता थोडं गणित.

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर होम प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर उभी राहते. लहान गटांत हे अंतर ४० किंवा ३५ फुटांपर्यंत कमी होतं. हे झालं चेंडू टाकण्याआधीचं. चेंडू टाकताना हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरतो आणि त्याच झोकात पिचर एक लांब ढांग पुढे टाकते. दीड-दोन मीटर तिथंच संपतात. उरतात अकरा.

चेंडू सुटला त्या क्षणी ती कशी असते, हे कधी बाजूला उभं राहून पाहा. एक पाय पुढे रोवलेला, दुसरा मागून घासत येतोय. खांदा वळलेला. ग्लोव्हचा हात खाली, कमरेच्या आसपास. तोल अजून सावरायचाय. नेमक्या याच वेळी बॅटरची बॅट चेंडूवर बसते.

ताशी शंभर किलोमीटरनं परतलेला चेंडू अकरा मीटर ०.४ सेकंदात कापतो. शाळेतल्या तयारीच्या बॅटरला हा वेग अवघड नाही. डोळ्यांना काही दिसलं आणि हात हलायला लागला, एवढ्यातच माणसाचे ०.२ सेकंद जातात. राहिलेल्या ०.२ सेकंदात तोल सांभाळत ग्लोव्ह कमरेपासून नाकापर्यंत आणायचा. हे दर वेळी जमेल असं मानणं म्हणजे मुलीला नशिबावर सोडणं आहे.

तिसऱ्या आणि पहिल्या बेसवरच्या मुलींचंही तेच. बेस होम प्लेटपासून साठ फुटांवर, सव्वाअठरा मीटर. पण बॅटरनं बंटसाठी, म्हणजे चेंडू हळूच पुढ्यात थोपवण्यासाठी, बॅट आडवी धरली की या दोघी पुढे धावत येतात. हुशार बॅटर ऐन वेळी बॅट मागे खेचते आणि जोरात मारते. तेव्हा तिसऱ्या बेसची मुलगी दहा-बारा मीटरवर, पुढे झुकलेली, चेहरा चेंडूच्या वाटेत.

टोकियो ऑलिम्पिकचा अंतिम सामना आठवा. जुलै २०२१, जपान विरुद्ध अमेरिका, सहावी इनिंग. अमेरिकेच्या अमांडा चिडेस्टरनं मारलेला सरळ तडाखा जपानच्या तिसऱ्या बेसवरच्या यू यामामोतो हिच्या हाताला लागून उडाला. बाजूच्या शॉर्टस्टॉपनं, माना आत्सुमीनं, तो हवेतच झेलला आणि दुसऱ्या बेसवर फेकून डबल प्ले केला, म्हणजे एकाच फटक्यावर दोघींना बाद केलं. जपान २-० जिंकला आणि तो झेल जगभर दाखवला गेला. मला त्यात यामामोतोचा हात दिसतो. ऑलिम्पिकचा अंतिम सामना खेळणाऱ्या मुलीलाही ग्लोव्ह चेंडूपर्यंत नेता आला नाही. चेंडू हाताला लागला म्हणून आपण त्या झेलाचं कौतुक करतो. तोच एक-दीड फूट वर असता तर?

●

एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. शाळांच्या स्पर्धेतला मुलींचा सामना. मैदान मुरमाचं, कडेला रसवंती, दुपारचं ऊन. मी तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर उभा होतो. त्या बेसवर आठवीतली एक किडकिडीत मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी. बॅटरनं बंटची बॅट धरली, ही पुढे धावली, बॅटरनं बॅट मागे घेऊन मारलं. चेंडू तिच्या पुढ्यात जमिनीवर पडला. तिनं ग्लोव्ह बरोबर खाली नेला होता, जसा शिकवतात तसा. पण चेंडू मुरमातल्या एका खड्यावर पडला आणि सरळ वर उसळला.

आवाज रेषेबाहेर मला ऐकू आला. ती खाली बसली. ग्लोव्हमध्ये रक्त सांडलं. सगळ्यांच्या आधी पोचली ती समोरच्या संघाची, तिच्याच वर्गातली वाटावी अशी एक मुलगी. ती होती पहिल्या बेसवर धावपटू म्हणून, डोक्यावर हेल्मेट. मागून तिची स्वतःची कॅचर जाळी डोक्यावर सरकवत धावत आली आणि गुडघे टेकून तिच्या तोंडाकडे वाकली. हेल्मेटवाली एका बाजूला, जाळीवाली दुसऱ्या बाजूला आणि मध्ये फुटलेल्या ओठाची ती. मैदानावर संरक्षणाची साधनं होती. तिच्या वाट्याला आली नव्हती, इतकंच.

रसवंतीवरून कुणीतरी फडक्यात बर्फ आणला. "अगं, तोंड उघड बघू," सर म्हणाले. खालचा दात हलत होता. तिनं सरांचा हात धरला आणि म्हणाली, "सर, मी खेळते. बदली नका देऊ."

या मुलींना भीती नाही. म्हणूनच त्यांची काळजी मोठ्यांनी घ्यायची असते.

जाता जाता प्रत्येक क्रीडाशिक्षकाच्या कामाची एक गोष्ट. कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो मुळाकडून धरू नका, वरच्या पांढऱ्या भागाला धरा. घासूनपुसून काढू नका. दुधात टाका आणि तडक दातांच्या डॉक्टरांकडे न्या. पहिल्या अर्ध्या-एक तासात नेला तर तो परत बसण्याची आशा असते. मैदानाशेजारी चहाची टपरी असतेच, दूध तिथं मिळतं.

●

आपल्या मैदानांबद्दलही बोललं पाहिजे. सॉफ्टबॉलच्या चांगल्या मैदानाचं इनफिल्ड, म्हणजे बेसच्या आसपासचा भाग, चाळलेल्या, सारख्या केलेल्या मातीचं असतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शाळेचं पटांगण हेच मैदान. सकाळी परिपाठ, दुपारी कबड्डी, संध्याकाळी सॉफ्टबॉल. पावसाळ्यात चिखल, दिवाळीनंतर भेगा, उन्हाळ्यात खडे. अशा जमिनीवर चेंडू कसा उसळेल ते भल्या भल्या खेळाडूला सांगता येणार नाही. मैदान सुधारायला निधी लागतो, वर्षं जातात. तोवर खेळणाऱ्यांचे चेहरे तरी झाका. जितकं मैदान वाईट, तितका मास्क गरजेचा.

●

जाळीला विरोध नवा नाही.

१८७७ मध्ये हार्वर्डच्या बेसबॉल संघाचा कर्णधार फ्रेड थेयर यानं तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कॅचरसाठी तारेची जाळी बनवून घेतली. लोकांनी टर उडवली, पक्ष्याचा पिंजरा म्हणाले. आज जाळीशिवाय कॅचर बसला तर अंपायर खेळ सुरू करणार नाही.

१ नोव्हेंबर १९५९. आइस हॉकीचा गोलरक्षक जाक प्लांट याच्या तोंडावर न्यूयॉर्कच्या सामन्यात पक, म्हणजे खेळाची कडक चकती, बसली. टाके घालून तो परत आला तो मुखवटा घालूनच. त्याच्या प्रशिक्षकाला मुखवटा मान्य नव्हता, नजर अडते म्हणून. संघ तो सामना जिंकला आणि पुढे बरेच सामने हरलाच नाही. आज उघड्या तोंडाचा गोलरक्षक कुठंच दिसत नाही.

१९७८ मध्ये ब्रिजटाऊनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप हेल्मेट घालून उतरला, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आज गल्लीतलं पोरगंही हेल्मेट मागतं.

आणि आपला क्रिकेटपटू रमण लांबा. फेब्रुवारी १९९८, ढाका. फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहिला, षटकाचे मोजके चेंडू उरले होते, म्हणून हेल्मेट घातलं नाही. चेंडू डोक्यावर बसला आणि तीन दिवसांनी तो गेला. वय ३८. लांबा तेव्हा क्षेत्ररक्षण करत होता, त्याच्या हातात बॅट नव्हती, हे विसरू नका. फटक्याच्या सगळ्यांत जवळ उभा असतो तो क्षेत्ररक्षक.

क्रिकेट शिकलं. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानं पंधरा वर्षांखालच्या मुलांना मधल्या स्टंपपासून ७.३ मीटरच्या आत क्षेत्ररक्षणाला उभं करू नये, असा नियम केला. तेरा वर्षांखालच्यांसाठी तेच अंतर १० मीटर. फक्त यष्टीमागच्या ऑफ साइडला सूट. हॉकीतही पेनल्टी कॉर्नरला बचाव करणारे खेळाडू तोंडाला मास्क बांधून धावतात, आपले भारतीय खेळाडूही. अमेरिकेतल्या शालेय सॉफ्टबॉलमध्ये बॅटरच्या हेल्मेटला जाळी सक्तीची आहे. तिथं क्षेत्ररक्षणाच्या मास्कची देशभर सक्ती नाही, तरी कितीतरी मुली पिचिंगला आणि पहिल्या-तिसऱ्या बेसवर आपणहून मास्क घालतात.

क्रिकेटमध्ये मुलाला चार पावलं मागे घेता येतं. सॉफ्टबॉलच्या पिचरला मागे घेता येत नाही. तिची जागा नियमानं ठरलेली. मग उरतो एकच उपाय.

●

आता नेहमीची उत्तरं.

"नजर अडते." पहिले चार दिवस अडते. चष्मा लागला तेव्हाही अडली होती. कॅचर पूर्ण सामना जाळीतून बघते आणि ताशी नव्वदच्या वेगानं येणारा चेंडू झेलते. तिला दिसतं, तर पिचरलाही दिसेल. सरावापासून मास्क घातला की सामन्यात त्याची आठवणही राहत नाही.

"मुली बेफिकीर होतात, ग्लोव्ह वर आणत नाहीत." ग्लोव्ह वर आणायला शिकवणं हे प्रशिक्षकाचं काम. शिकवण चुकली तर ती मुलीच्या नाकाच्या हाडावर वसूल करायची नसते.

"आम्ही कधी नाही घातला." तुम्ही वाचलात, आनंद आहे. पण तुमच्या वेळच्या बॅट आठवा. आजच्या कंपोझिट बॅटवरून चेंडू ज्या वेगानं सुटतो, तो तुम्ही लाकडी बॅटसमोर उभे राहून पाहिला नव्हता.

"घाबरट दिसतात." कुणाला? कॅचरला कधी कुणी घाबरट म्हटलं आहे?

"नियमात सक्ती नाही." मनाईही नाही. क्षेत्ररक्षकानं मास्क घालायला खेळाचे नियम आडवे येत नाहीत. सक्तीची वाट बघत बसायला कुणी सांगितलं?

दुचाकीच्या हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्यात मोर्चे निघाले, वर्षानुवर्षं वाद झाले. ते मोठ्यांचं भांडण होतं, स्वतःच्या डोक्यापुरतं. इथं चेहरा बारा वर्षांच्या मुलीचा आहे आणि निर्णय आपला आहे. तिच्या चेहऱ्याच्या बाबतीत आपल्याला हट्ट करायचा अधिकार नाही.

●

मुलींच्या खेळात आणखी एक धोका आहे आणि तो मैदानाबाहेर असतो.

एका मुलीचं नाक फुटतं, ओठाला टाके पडतात. ती घरी जाते. आजी म्हणते, "मुलीच्या जातीला कशाला हवेत असले खेळ? उद्या चेहऱ्यावर व्रण राहिला तर?" वडील गप्प बसतात. आईला आतून वाटतं खेळू द्यावं, पण ती बोलत नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी सरावाला येत नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या गल्लीतल्या आणखी दोघी येत नाहीत. एका चेंडूनं तीन मुली मैदानाबाहेर जातात आणि कुठल्याही दुखापतीच्या नोंदीत त्यातल्या दोघींचं नाव नसतं.

व्रण आणि लग्न यांचा संबंध मला मान्य नाही. मुलीचा चेहरा सांभाळायचा तो तिला दिसावं, श्वास घेता यावा, भाकरी चावता यावी म्हणून. पण घराघरात हे बोललं जातं, हे खरं आहे. ज्या गावात दहा वर्षं खपून एखाद्या शिक्षकानं मुलींचा संघ उभा केला, तिथं एक अपघात तो संघ मोडू शकतो. हेच खेळाडू जिल्हा, विभाग, राज्य करत पुढे जातात, शालेय स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळवतात, काही जणी खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागतात. त्यांचं पुढचं सगळं तारेच्या एका जाळीवाचून अडू नये.

●

राहिला पैशाचा प्रश्न. तोच खरा आहे, म्हणून त्याला खरं उत्तर देतो.

फेसमास्क म्हणजे बारीक स्टीलच्या तारेची किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेटची चौकट. कपाळ आणि हनुवटीशी फोमचे पॅड, मागे ताणता येणारे पट्टे. वेण्या त्या पट्ट्यांमधून आरामात बाहेर येतात. चेंडू बसला की धक्का पॅडवर पसरतो. नाक, गालफडं, दात आणि डोळ्यांपर्यंत तो सहसा पोचत नाही. वजन पाण्याच्या भरलेल्या बाटलीपेक्षा कमी. किंमत चांगल्या कंपोझिट बॅटपेक्षा पुष्कळच कमी. मर्यादाही सांगतो. कानशिलं आणि डोक्याची मागची बाजू यानं झाकत नाही. ढिला बसलेला मास्क घसरून डोळ्यांवर येतो. वाकलेली तार ठोकून सरळ करून, वेल्डिंग मारून वापरणं धोक्याचं. तो मास्क टाकून द्यायचा. घालून मान जोरात हलवायची, मास्क जागचा हलला नाही तर तो बरोबर बसला.

शाळा म्हणतात, नऊ जणींना नऊ मास्क, दहा संघांना नव्वद, कुठून आणायचे? पण हिशोबच चुकतोय. एका वेळी एकच संघ क्षेत्ररक्षण करतो. दुसरा डगआउटमध्ये असतो. आणि सगळ्यांत जवळच्या जागा तीन : पिचर, पहिली बेस, तिसरी बेस. त्यांत दुसरी बेस आणि शॉर्टस्टॉप मिळवा, पाच. एक जादा ठेवा, सहा. लहान आणि मोठं माप मिळून सहा मास्क मैदानावर ठेवले की दोन्ही संघांचं भागतं. इनिंगचा अर्धा भाग संपला की मास्क उतरवा, ओल्या फडक्यानं पुसा, समोरच्या संघाला द्या. पुढचा सामना, पुढचे दोन संघ, मास्क तेच.

हेल्मेटं आपण अशीच वाटून वापरतो. मास्क वापरायला काय हरकत?

म्हणजे जिल्हा स्पर्धेला दोन मैदानं असतील तर बारा मास्क. अख्ख्या जिल्ह्याच्या मुलामुलींसाठी बारा. व्यासपीठाचा मांडव, हारतुरे, पाहुण्यांच्या शाली आणि सन्मानचिन्हं यांच्या खर्चातून हे सहज निघतील.

●

माझी मागणी एका ओळीची आहे. राज्यातल्या प्रत्येक शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेत, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या तिन्ही गटांत, मुलांच्या आणि मुलींच्या, मैदानागणिक सहा फेसमास्क असल्याशिवाय पहिला चेंडू टाकला जाऊ नये.

क्रीडा संचालनालयानं हे स्पर्धेच्या परिपत्रकात घालावं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी साहित्याच्या यादीत बेस आणि चेंडूंच्या खाली ही एक ओळ लिहावी. संघटनांनी पंचांना सांगावं की नाणेफेकीआधी मास्क मोजा. परिपत्रक निघेपर्यंत शिक्षकांनी थांबू नये. माजी खेळाडूंना फोन करा, गावातल्या दुकानदाराला विचारा, दोन मास्कनं सुरुवात करा. पहिला पिचरला, दुसरा तिसऱ्या बेसला.

आणि आईबाबांनो, उद्या लेकीला सरावाला सोडायला जाल तेव्हा गाडीवरून उतरा, मैदानाच्या कडेपर्यंत जा आणि सरांना विचारा, "सर, हिच्या तोंडावर काय आहे?" उत्तर मिळेपर्यंत तिथंच उभे राहा.